जुन्या वस्तीत घर घ्यावं की नाही? (एडमंटन, बॉनी डून, सन १९५३)

इंद्रायणीकाठ
९ मार्च

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे वाचनमात्र होते. आज पहिला धागा काढतेय, तोही घरातल्या वादापायी. सांभाळून घ्या.

आम्ही कॅनडात एडमंटनला असतो. दोघं, सहा वर्षांची लेक आणि वर्षातले पाच-सहा महिने सासूबाई. सध्या हेंडेच्या पलीकडे, म्हणजे शहराच्या रिंगरोडबाहेर, दक्षिणेला एका टाउनहाउसमध्ये भाड्याने राहतो. घर नवंकोरं आहे, तक्रार नाही. पण खिडकीतून पाहिलं की समोर ओळीने गराजची दारं. सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "इथे माणसं राहतात की मोटारी?"

गेल्या शनिवारी बॉनी डूनमध्ये एक घर पाहिलं. १९५३ सालचा बंगलो (एकमजली घराला इथे बंगलो म्हणतात, आपला दिमाखदार बंगला डोळ्यांसमोर आणू नका). वर हजार चौरस फूट, खाली तेवढंच बेसमेंट, ५० बाय १३० फुटांचा प्लॉट, मागच्या गल्लीत उघडणारं एका गाडीचं गराज. बाहेरच्या गिलाव्यात फुटक्या बाटल्यांच्या हिरव्या-तपकिरी काचा रोवलेल्या, उन्हात घर नुसतं चमचमत होतं. रस्त्याला दोन्हीकडून एल्मची झाडं. आत्ता एक पान नाही, तरी वर फांद्यांची कमान. थोडं चाललं की मिल क्रीकची घळ, दुसऱ्या बाजूला ट्राम. मालकीणबाई नव्वदीच्या आहेत, आता मुलाकडे राहायला चालल्यात.

नवऱ्याचं म्हणणं, ह्याच पैशात दक्षिणेला दीडपट मोठं नवं घर येतं, वर सांगाड्याला दहा वर्षांची वॉरंटी. "सत्तर वर्षांचं घर काय देव्हाऱ्यात ठेवायचंय?"

माझे प्रश्न दोन. अशा घरात नेमकं काय तपासायचं? आणि दुसरं म्हणजे, तीन घरं सोडून कोपऱ्यावर एक जुनं घर पाडून आठ बिऱ्हाडांची इमारत उभी राहतेय. उद्या आपल्याच कुंपणाला लागून तसं झालं तर?

कल्याण_स्लो
९ मार्च

हजार फूट वर, हजार फूट खाली, आणि चौघांना घ्यावं की नाही हा प्रश्न. वाचून भरून आलं. आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत सात जण होतो, पाहुणे आले की आठवा-नववा गॅलरीत.

असो. घ्या. (मला एडमंटनची काडीची माहिती नाही. हे मत मी सगळ्याच घरांबद्दल देतो.)

बर्फाळलेला_बाळ
९ मार्च

बावीस वर्षं इथे, त्यातली सतरा अशाच घरात. माझं १९५६चं, घळीच्या पलीकडे रिचीमध्ये. त्यामुळे चार शब्द जास्त झाले तर ऐकून घ्या.

लोक स्वयंपाकघराचा ओटा बघतात. तुम्ही आधी जमिनीखालचं बघा. घरापासून रस्त्याखालच्या मुख्य गटारापर्यंत सांडपाण्याची जी नळी जाते, तिच्यात कॅमेरा घालून दाखवणारे लोक मिळतात. ते केल्याशिवाय सही करू नका. त्या काळात इथे दोन प्रकारच्या नळ्या घालत. एक भाजलेल्या मातीची. दुसरी डांबरात भिजवलेल्या पुठ्ठ्याची. हो, पुठ्ठाच वाचलंत. सत्तर वर्षांत ती चपटी होते, आतून पोपडे धरते. मातीच्या नळीत सांध्यांतून मुळं शिरतात. ज्या कमानीवर तुम्ही भाळलात ना, तिचं दुसरं टोक तुमच्या गटारात असतं. आपल्या हद्दीतली नळी गेली तर खर्च आपला.

मग वीज. पॅनेल ६० अँपिअरचं आहे की १००चं? साठचं असेल तर विमेवाले नाक मुरडतात.

मग माळा. वर डोकावून अभ्रकासारखे चकाकणारे हलके खडे पसरलेले दिसले तर तो व्हर्मिक्युलाइट, थंडी अडवायला भरलेला. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हात लावायचा नाही, ढवळायचा नाही, नमुना तपासून घ्यायचा. भिंतींत बहुधा रंध्याच्या ढलप्या भरलेल्या सापडतील. हसू नका, उणे पस्तीसमध्ये त्या ढलप्यांनीच आमच्या घराला तारलंय. अर्थात गॅसचं बिल बघून आपण गारठतो ते वेगळं.

बेसमेंटमध्ये सासूबाईंची झोपायची खोली करणार असाल तर टेप घेऊन खिडकी मोजा. उघडल्यावर निदान ०.३५ चौरस मीटर मोकळी जागा हवी आणि कुठलीही बाजू ३८० मिलीमीटरपेक्षा कमी नको. आग लागली तर तिथून माणूस बाहेर पडला पाहिजे. पन्नाशीतल्या खिडकीतून मांजरच बाहेर पडतं.

आणि रेडॉन. जमिनीतून बेसमेंटमध्ये झिरपणारा किरणोत्सारी वायू, ना वास ना रंग. केंद्र सरकारने घालून दिलेली मर्यादा घनमीटरला २०० बेकरेल. मोजायला यंत्र निदान तीन महिने ठेवावं लागतं, तेव्हा खरेदीआधी कळणार नाही. पहिल्या हिवाळ्यात मोजा. जास्त निघालं तर नळी आणि पंखा बसवून सुटतं. यजमानांना सांगा, हे नव्या घरालाही लागू आहे, वॉरंटीवाल्यासुद्धा.

फोडणीची_पोळी
१० मार्च

बाळासाहेबांनी घाबरवलं पार. मी हेझलडीनमध्ये नऊ वर्षं आहे, जरा बरं काही सांगते.

आत्ता बर्फ आहे म्हणून कळणार नाही, पण सत्तर वर्षांच्या अंगणात कुठेतरी रूबार्ब असणारच. शिवाय लायलॅक, सॅस्कटून बेरी, आणि आंबटढाण सफरचंदांचं एखादं झाड. रूबार्बचे देठ आमटीत घाला, आमसुलाची आठवण येणार नाही. पानं मात्र विषारी असतात, अळूसारखी समजून वड्या करू नका. (आमच्या एका पाहुण्या मावशींना ऐन वेळी थांबवलंय.)

माणसांचं म्हणाल तर इथे प्रत्येक वस्तीची कम्युनिटी लीग असते. ही एडमंटनची खासियत. पहिली १९१७ साली निघाली, सगळ्यांचा मिळून संघ १९२१पासून आहे. लीगचा एक हॉल, बाजूला बर्फाचं रिंक. थंडी पडली की शेजारपाजारचे बाप्ये रात्री पाइप घेऊन पाणी मारतात आणि थर गोठवतात. माझा नवरा जन्मात कधी स्केटिंग न केलेला, पण पाइप धरायला पहिला. जुलै-ऑगस्टमध्ये बागेतल्या हिरव्या खोपटात मुलांना फुकट खेळ असतात, त्याला ग्रीन शॅकच म्हणतात. नव्या वस्तीतही हे आहे, पण तिथे सगळे एकाच वेळी नवे, सगळेच घाईत. इथे समोरच्या आजोबांनी मला पहिल्या हिवाळ्यात न मागता फावडं कसं धरायचं ते शिकवलं, कंबर वाचली.

फुटपाथवरचा बर्फ आपला आपण काढायचा, कोपऱ्याचं घर असेल तर दोन्ही बाजूंचा. तुमचं मधलं आहे ना? मग सुटलात. निसरड्यासाठी वाळू महापालिकेच्या पेट्यांतून फुकट मिळते, बादली घेऊन जायचं.

मागची गल्ली मात्र मार्च-एप्रिलमध्ये बघून घ्या. गोठलेल्या चाकोऱ्या, वर पाणी. बैलगाडी आठवते.

सातबारा
१० मार्च

घराचं झालं, आता जमिनीचं बोलू. मी जमिनीच्या कागदपत्रांच्या कामात आहे (वकील नाही, सल्ला म्हणून धरू नका).

मॅच्युअर नेबरहुड हा एडमंटनच्या महापालिकेचा शब्द आहे. साधारण १९७०च्या आधी बांधून पूर्ण झालेल्या वस्त्या. बॉनी डून, रिची, हेझलडीन, ग्लेनोरा, वेस्टमाउंट, हायलँड्स, सगळ्या त्यात. ह्यांच्यासाठी २००१पासून वेगळी बंधनं होती, शेजाऱ्यांच्या घरांशी मेळ राहावा म्हणून. १ जानेवारी २०२४ला नवा झोनिंग बायलॉ (कुठे काय बांधता येईल ते ठरवणारा नियम) लागू झाला आणि ती गेली. आता तुमच्या प्लॉटचा झोन बहुधा आरएस (छोट्या निवासी इमारतींचा) असेल. २०२४ला लागू झाला तेव्हाच्या नियमांप्रमाणे त्यात उंची १०.५ मीटरपर्यंत, बांधकाम प्लॉटच्या ४५ टक्क्यांपर्यंत, आणि एका घरामागे निदान ७५ चौरस मीटर जमीन. मधल्या प्लॉटवर जास्तीत जास्त आठ घरं.

आता तुमचा प्लॉट मोजा. ५० गुणिले १३० म्हणजे ६,५०० चौरस फूट, म्हणजे ६०४ चौरस मीटर. भागिले ७५. आठ! तुम्हाला ते बाटल्यांच्या काचांचं घर दिसतं, बिल्डरला आठ दिसतात. तुम्ही एकट्याच गिऱ्हाईक नाही, हे ऑफर देताना लक्षात ठेवा.

आठच का, सहा का नाहीत, असं लोक विचारतात. नकाशा पाहा म्हणजे कळेल. वर चार घरं रांगेत, प्रत्येकाखाली बेसमेंटमध्ये एक. शिवाय केंद्र सरकारच्या गृहकर्ज महामंडळाची एमएलआय सिलेक्ट नावाची विमा योजना आहे. किमान पाच घरं भाड्याने द्यायची असली की त्यात बसता येतं, आणि अटी पाळल्या तर ९५ टक्क्यांपर्यंत कर्ज, फेड ५० वर्षांपर्यंत. चार बांधली तर दार बंद. मग कोण चार बांधेल?

नियमात तंतोतंत बसणाऱ्या प्रकल्पाला शेजारी म्हणून तुम्हाला पत्र येतं, पण अपील करायला जवळजवळ जागा नसते. गाडी ठेवायची जागा बांधायचीही सक्ती नाही. ती अट २०२० सालीच सगळ्या शहरातून काढली, कॅनडातल्या मोठ्या शहरांत सगळ्यात आधी.

टायटल (जमिनीच्या मालकीचा दाखला) मागवा आणि त्यावर काय काय नोंदलंय ते शेवटपर्यंत वाचा. ग्लेनोरात जेम्स कॅरदर्सने १९११ साली प्लॉट विकताना घातलेली अट अजून काही टायटलांवर बसून आहे, एका प्लॉटवर एकच घर. झोनिंग बदललं तरी अशी अट आपोआप जात नाही. नव्या बायलॉनंतर काही ठिकाणी शेजारी शेजारी मिळून स्वतःहून अशा अटी नोंदवायला लागलेत. एखाद्याने केली असेल तर ती विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडते, मग पुढे वर मजला चढवायचा असो नाहीतर मागे खोली.

एक चांगली बातमी. आल्बर्टा प्रांतात खरेदीवर जमीन-हस्तांतर कर नाही, नोंदणीचं शुल्क तेवढं.

ओसरी
११ मार्च

सातबारांनी आकडे दिले, मी भोगलंय ते सांगते.

आमच्या दक्षिणेचं घर गेल्या वर्षी पाडलं. खड्डा आमच्या भिंतीपासून हातभर. पावसात कड ढासळली, कुंपण आत गेलं, आमच्या तळघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर. बिल्डर म्हणतो, चीर आधीचीच. आम्ही म्हणतो, नव्हती. पुरावा? शून्य. वीस वर्षांत भिंतीचा एक फोटो नाही, कोण काढतं भिंतीचे फोटो?

आता तिथे आठ घरं आहेत. आठ घरांचे काळे-हिरवे कचऱ्याचे डबे गल्लीत. तीन खिडक्या थेट माझ्या ओट्यावर. मी टोमॅटो लावायचे, गेल्या उन्हाळ्यात सप्टेंबर आला तरी हिरवेच. माणसं वाईट नाहीत, एकीशी तर माझी चांगली ओळख आहे. पण 'वस्तीचं स्वरूप' वगैरे म्हटलं की लगेच लोक आपल्याला जुनाट ठरवतात. मला स्वरूपाचं काही नाही हो, मला ऊन हवंय.

मधुमालती
११ मार्च

ओसरी, अगदी. पुण्यात आमच्या आजोबांच्या बंगल्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मजले झाले तेव्हा आईने अंगणातला पारिजात मेला त्या दिवशी सही केली रीडेव्हलपमेंटला. तोवर तीन वर्षं नाही म्हणत होती.

तिसरी_घंटा
११ मार्च

ऊन हा शब्द आला म्हणून राहवलं नाही. शाळेतली त्रिकोणमिती इथे खरोखर उपयोगी पडते.

एडमंटनचा अक्षांश ५३.५. डिसेंबरच्या २१-२२ला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती वर? ९० वजा ५३.५ वजा २३.५, म्हणजे १३ अंश. पुण्यात त्याच दिवशी ४८. साडेदहा मीटर उंचीची सावली तेरा अंशांना पडते ४५ मीटर. तीन प्लॉट ओलांडून. पण तेव्हा अंगणात बर्फच असतो, टोमॅटो नसतात. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सूर्य ३६.५ अंशांवर, सावली १४ मीटर. तुमचा प्लॉट १५ मीटर रुंद. म्हणजे भर दुपारीसुद्धा जवळजवळ पूर्ण अंगण सावलीत. जूनमध्ये सूर्य ६० अंशांवर, सावली ६ मीटर.

सारांश, ओसरींच्या टोमॅटोचं खरं नुकसान ऑगस्ट-सप्टेंबरात, पिकायच्या वेळेला. आणि हे सगळं इमारत दक्षिणेला असेल तरच. उत्तरेला दहा मजले झाले तरी दुपारचं ऊन तुमचंच. घर बघताना होकायंत्र घेऊन जा, फोनमध्ये असतं.

बर्फाळलेला_बाळ
११ मार्च

तिसरी_घंटा, टाळ्या. आमच्या मास्तरांनी हे शिडी आणि भिंतीऐवजी टोमॅटोवर शिकवलं असतं तर मी नापास झालो नसतो.

पाटीवरचा_खडू
१२ मार्च

सगळे प्रतिसाद वाचले. मी त्या आठांतला एक आहे.

म्हणजे अक्षरशः. बॉनी डूनपासून फार लांब नाही, अशाच आठ घरांच्या इमारतीत बेसमेंटच्या घरात आम्ही भाड्याने राहतो. बायको कॉलेजात शिकते, मी दोन शिफ्ट करतो. गाडी नाही. घरासमोर बस, दहा मिनिटांवर ट्राम. ही ट्राम, व्हॅली लाइन, नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झाली. सरकारने त्यावर एवढा पैसा ओतला तो दोन्ही बाजूंना एकेकट्या म्हाताऱ्या माणसांची पन्नास फुटी अंगणं राखायला नव्हे.

ह्या वस्त्यांतली माणसं १९७१पासून कमी होत गेलीत. घरं तेवढीच, पण ज्या घरात पाच पोरं होती तिथे आता एक आजी. शाळा रिकाम्या पडतात, आणि बाहेर रिंगरोडपलीकडे शाळांत जागा नाही म्हणून पोरं बसने तासभर जातात. शहराने २०२०च्या आराखड्यात ठरवलंय की वीस लाख लोकवस्तीकडे जाताना निम्मी नवी घरं आहे त्या शहरातच मावली पाहिजेत. हे कुठे मावणार, ते तरी सांगा.

ओसरी, तुमच्या भिंतीची चीर हा बिल्डरचा गुन्हा आहे, तुम्हाला माझी पूर्ण सहानुभूती. पण तो आठ ह्या आकड्याचा गुन्हा नाही. एकच मोठा बंगला बांधला असता तरी खड्डा तेवढाच खणला असता. आणि उंचीही तेवढीच. माझ्या कारखान्यातल्या साहेबाने मुरलेल्या वस्तीत असंच एक घर पाडून स्वतःचं बांधलं, तीन मजली, नवरा-बायको आणि कुत्रा. त्याला कुणी पत्र लिहून विरोध केला नाही.

ओसरी
१२ मार्च

खडू, कुत्र्याचा मुद्दा मान्य.

पण एक विचारते, रागावू नका. तुमच्या इमारतीत भाडं किती दिवस हेच राहील? ह्या आठांतलं एकही विकत मिळत नाही. आमच्या शेजारची आठही एकाच कंपनीच्या नावावर आहेत. आधी तिथे एक कुटुंब मालक होतं, आता कुणीच नाही. लीगच्या सभेला त्यातलं कोणी येत नाही, कारण वर्षाने आपण इथे असू की नाही हे त्यांनाच माहीत नाही. ही तक्रार त्यांच्यावर नाही.

पाटीवरचा_खडू
१२ मार्च

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. करार वर्षाचाच आहे. लीगची सभा कधी असते तेही माहीत नव्हतं. कुठे लावतात पाटी?

फोडणीची_पोळी
१२ मार्च

हॉलच्या दारावर, खडू. नाहीतर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तुमची वस्ती सांगा, शोधून देते. रिंकवर पाणी मारायला माणसं नेहमी कमी पडतात.

"मुरलेली वस्ती" हा शब्द मात्र ढापला. मॅच्युअरला ह्याहून चांगला सापडणार नाही.

कल्याण_स्लो
१२ मार्च

लोणचं मुरतं तसं तेलही वर येतं. त्याचं काय?

सातबारा
१३ मार्च

अवांतर, पण कल्याण_स्लो नकळत खरं बोलून गेले. ही वस्ती उभी राहिली ती तेलावरच. १३ फेब्रुवारी १९४७ला एडमंटनच्या दक्षिणेला लेड्युकला तेल लागलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शहर फुगलं. हजार फुटी बंगलो, मागे गल्ली, बाजूने बेसमेंटला उतरणारं दार, हे सगळं तेव्हाच्या घाईत एका साच्यात काढलेलं. ते बाजूचं दार आज सोन्याचं आहे बरं का, बेसमेंट स्वतंत्र भाड्याने द्यायला.

इंद्रायणीकाठ
२३ मार्च

एवढे प्रतिसाद! एकेकाला उत्तर देणं जमलं नाही, लेक आजारी होती. काल पुन्हा घर पाहून आलो, ह्या वेळी सासूबाईंना घेऊन. मालकीणबाई स्वतः होत्या.

त्या मूळच्या फ्रेंच बोलणाऱ्या घरातल्या. ह्या भागात जुनी फ्रेंच वस्ती आहे, विद्यापीठाचा सेंट-जाँ कॅम्पस जवळच. सासूबाई आणि त्या, एकीला मराठी-हिंदी, दुसरीला फ्रेंच-इंग्रजी, पण पाऊण तास गप्पा चालल्या. दोघींच्या गुडघ्यांवर.

मग त्यांनी एक अल्बम काढला. १९५४चा फोटो. हेच घर. समोर रस्ता नाही, चिखल. चिखलात फळ्या टाकलेल्या. झाड एकही नाही. मागे दूरपर्यंत उघडं माळरान आणि असलीच ठोकळ्यासारखी घरं. मी विचारलं, एल्म कुठेत? त्यांनी बोट ठेवलं तिथे हातातल्या काठीएवढी एक काडी होती, आधाराला खुंटी बांधलेली. म्हणाल्या, आम्ही आलो तेव्हा कोपऱ्यावरच्या जुन्या दुमजली घरातली बाई माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. ह्या घरांसाठी तिचं गाजरांचं वावर गेलं होतं.

ओसरी, खडू, तुम्हा दोघांची आठवण आली तेव्हा.

नवरा तोवर माळ्यावर चढला होता. खाली आला तो डोक्यावर ढलप्या घेऊनच. व्हर्मिक्युलाइट नाही! पॅनेल १००चं. सांडपाण्याची नळी बघायला बुधवारी माणूस येतोय.

बर्फाळलेला_बाळ
२३ मार्च

माळ्यावर चढला म्हणजे नवरा पटला. आता फक्त कबूल व्हायचाय.

एल्मबद्दल एक सांगायचं राहिलं. एडमंटनमध्ये ऑगस्ट २०२४ला डच एल्म रोग पहिल्यांदा सापडला. इतकी वर्षं आपण वाचलो होतो. साल पोखरणारे भुंगेरे बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. म्हणून १ एप्रिल ते ३० सप्टेंबर ह्या काळात एल्मची छाटणी करायची नाही, कापलेल्या लाकडाचा वास भुंगेऱ्यांना बोलावतो. एल्मचं जळण गराजमागे रचून ठेवायचं नाही. रस्त्यालगतची झाडं महापालिकेची, त्यांच्यापासून पाच मीटरच्या आत खोदकाम करायचं तर परवानगी लागते. नळी बदलायची वेळ आलीच तर हे आधी.

उन्हाळ्यात मधली एखादीच फांदी पिवळी पडून मान टाकताना दिसली तर लगेच ३११ला, म्हणजे महापालिकेला, फोन. लाजायचं नाही.

इंद्रायणीकाठ
१४ जून

धागा वर काढतेय, माफ करा. बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं.

घर घेतलं. ऑफर आमची एकट्यांचीच नव्हती, एका बिल्डरचीही होती, कसल्याही अटीविना. रक्कम त्याची थोडी जास्त. मालकीणबाईंच्या मुलाला ती हवी होती, बाईंना आमची. त्यात आमचं कर्तृत्व शून्य, गुडघ्यांचं असेल तर माहीत नाही.

नळी पुठ्ठ्याचीच निघाली, आणि मध्यावर पार चपटी. कॅमेऱ्यात ते बघताना नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. किमतीतून थोडं कमी झालं, बाकी आम्ही भरलं. मे महिन्यात पुढचं अंगण खणून नवी घातली. परवानगी घेऊन, मुळांच्या बाजूला यंत्र न लावता हाताने खणून. लायलॅक गेला. एल्म ठीक आहे, सध्या एवढी सावली आहे की पुढच्या खोलीत दुपारी दिवा लावतो.

रूबार्ब गराजमागे सापडला, छत्रीएवढा. आमटी केली. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली आणि मग म्हणाल्या, आमसूल ते आमसूल.

आणि काल महापालिकेचं पत्र आलं. शेजारचं घर हिवाळ्यात विकलं गेलं होतं. आठ.

तिसरी_घंटा
१४ जून

कुठल्या बाजूचं?

इंद्रायणीकाठ
१४ जून

थांबा, होकायंत्र बघते.

उत्तरेचं.

तिसरी_घंटा
१४ जून

मग ऊन शाबूत. उलट डिसेंबरात तुमच्या छपराची सावली त्यांच्या बेसमेंटच्या खिडक्यांवर पडेल.

पाटीवरचा_खडू
१४ जून

बेसमेंटमध्ये राहणारा म्हणून सांगतो, डिसेंबरात तशीही खिडकीवर बर्फ असतो. अभिनंदन ताई! आम्ही ह्या हिवाळ्यात रिंकवर तीनदा पाइप धरणार आहोत, नाव नोंदवून आलो. करार अजून एक वर्ष वाढला.

ओसरी
१४ जून

अभिनंदन. आज बाकी काही करू नका. तळघरात जा, चारही भिंतींचे फोटो काढा, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र किंवा तारीख दिसेल असं काहीतरी धरून. बाहेरून पायाचे, कुंपणाचे, गराजच्या फरशीचे पण. ते स्वतःला मेल करून ठेवा. खणायला सुरुवात झाल्यावर नाही. आज.

इंद्रायणीकाठ
१४ जून

काढले. बावन्न. सासूबाई प्रत्येकात कॅलेंडर धरून उभ्या आहेत.